आल्टोच्या रांगेतली सरोजिनी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरोजिनी पिंपळापुरेंना गाता येत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. बरं, येत नाही तर माणसाने गप्प बसावं. पण नाही. सकाळी केर काढताना, दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना, संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर यांचं गुणगुणणं आपलं चालूच. त्याला गाणं म्हणावं तर चाल कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. एका सुरावर बसायचं, बराच वेळ बसायचं, मग एक पायरी उतरायची आणि काहीतरी विसरल्यासारखं पुन्हा वर यायचं. नळाला पाणी येण्याआधी तो जसा हुंकारत राहतो, तसं. आता पाणी येईल, आता येईल म्हणून मी खाली वाट बघायची, आणि पाणी काही यायचं नाही.

मी देवश्री. तळमजल्यावर चटण्या आणि मसाले करून विकते. माझ्या मिक्सरची घरघर रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या निम्म्या गल्लीला तोंडपाठ आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या आवाजाला नावं ठेवायचा मला तसा हक्क नाही. तरी मी ठेवायची. तोंडावर नाही, मनात.

मग एका संक्रांतीला आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात कोणीतरी म्हणालं, सरोजिनीताई चर्चच्या क्वायरमध्ये गात होत्या म्हणे, आज त्यांनीच गायचं. ताई नको नको म्हणाल्या, मग उभ्या राहिल्या. शाळेपासून सगळ्यांना पाठ असलेलं एक प्रार्थनागीत त्यांनी धरलं. बायकाही हौसेने मागोमाग सुरू झाल्या. पहिल्या ओळीला बायकांना वाटलं, ताईंचा सूर जरा खाली लागला असेल. दुसऱ्या ओळीला त्यांनी आपली चाल सोडून ताईंच्या मागे जायचा प्रयत्न केला आणि साफ पडल्या. तिसऱ्या ओळीला कोणीतरी तिळगुळाची ताटली फिरवायला घेतली. ताईंनी मात्र डोळे मिटून ते भलतंच काहीतरी शेवटपर्यंत म्हटलं, नमस्कार केला आणि खाली बसल्या. टाळ्या पडल्या त्या हळदीकुंकवाच्या होत्या, गाण्याच्या नव्हत्या. मी पदर तोंडाला लावून हसत होते, हे सांगून टाकलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी ताई माझा चटणीचा रिकामा डबा परत द्यायला आल्या. डबा टेबलावर ठेवून जाईनात.

"काल मी चुकली नाही, देवश्री," त्या म्हणाल्या.

"नाही नाही ताई, छानच झालं."

"खोटं नको बोलू. तुम्हाले वाटलं, इले गाता येत नाही. मी माझं बरोबर गायली. बाकीचे आलेच नाहीत."

कोण बाकीचे, मला काही कळेना. मग त्या माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. क्वायरमध्ये एकच गाणं चार आवाजांत गातात. सगळ्यात वरचा आवाज सोप्रानो, चाल त्यांच्याकडे. पुरुषांत वरचा टेनर, खालचा बास. आणि बायकांतला खालचा तो आल्टो. आल्टोने चाल गायची नसते. चालीच्या खाली राहून तिला हात द्यायचा असतो. चौघे मिळून गायले की गाणं भरतं. आल्टो एकटा गायला की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई काय करून राहिली आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत हिंगासारखं. फोडणीत पडला तर घर दरवळतं, नुसता जिभेवर ठेवला तर थुंकावं लागतं.

"मग तुम्ही चाल काहून नाही गायली? चाल तर माहीत असंल ना?"

"माहीत आहे. कानाले माहीत आहे. पण तोंड उघडलं का माझंच निघते. चाळीस वर्षं तेच गायली ना मी."

म्हणजे या बाईला गाणी शेकड्याने पाठ होती आणि एकटीने म्हणता येईल असं त्यात एकही नव्हतं. त्या दिवसापासून मी वरच्या गुणगुणण्याला मनातही नावं ठेवली नाहीत. उलट ते ऐकू आलं की मला कसंतरीच व्हायचं.

ताईंचे वडील रेल्वेत कारकून, वर्ध्याहून बदलीवर इकडे आलेले. पोरीला त्यांनी मिशनच्या शाळेत घातलं, कारण ती घराजवळ होती. तिथे विजया मसीह नावाच्या बाई संगीत शिकवत. सगळे त्यांना विजया मिस म्हणत. पोरींना रांगेत उभं करून मिसने दोघी-दोघींच्या कानाशी वेगवेगळे सूर गुणगुणून बघितले. बाकीच्या पोरी शेजारणीच्या सुरावर घसरायच्या, सरोजिनी घसरली नाही. मिस म्हणाल्या, तू आल्टो. पुढे शाळा सुटली तरी मिसने तिला आपल्या क्वायरमध्ये ठेवून घेतलं. घरी थोडी कुरकुर झाली. वडील म्हणाले, "गाणं गाय, नाव बदलू नको." तिने नाव बदललं नाही, गाणं सोडलं नाही. गणपतीत घरी आरती, नाताळात चर्चमध्ये आल्टो. मिस जुनी स्तोत्रं तर शिकवायच्याच, शिवाय स्वतः नवीन रचायच्याही. खारून नदीवर त्यांनी चार आवाजांचं एक हिंदी गाणं केलं होतं, त्यात देवाचं नाव कुठेच नव्हतं. त्यावरून चर्चमध्ये थोडी कुजबुजही झाली. ताईंना ते सगळ्यात जास्त आवडायचं.

नोकरी सिंचाई विभागात झाली. लग्न जमलं नाही. का नाही जमलं म्हणून मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "बघायला यायचे ते रविवारी यायचे. रविवारी माझी प्रॅक्टिस राहायची." यात थट्टा किती आणि खरं किती, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि रमा. रमा मसीह, सरकारी दवाखान्यात नर्स, विजया मिसची लांबची कोणी. आल्टोच्या रांगेत ताईंच्या शेजारी रमा उभी असायची. रांग चौघी-पाचजणींची, बाकीच्या येत-जात राहिल्या, या दोघी कायम. रमाबद्दल ताई जे सांगायच्या त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची, ती श्वासाची.

लांब ओळ असली की ती एका दमात कोणालाच पुरत नाही. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर ओळीला भोक पडतं. म्हणून शेजारणींनी आपसात ठरवून ठेवायचं असतं. एकीने श्वास घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा. पुढे दुसरीने घेतला की पहिलीने धरायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, बायका श्वासच घेत नाहीत. रमा ओळीच्या मध्यापूर्वी घ्यायची, सरोजिनी मध्यानंतर. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक ओळीत. कोपराला कोपर लागलेलं असायचं, त्यामुळे शेजारच्या छातीत हवा भरली की बघावं लागायचं नाही.

"माझ्या आवाजाले कधी भोक पडलं नाही, देवश्री," ताई म्हणायच्या. "रमा होती ना."

मग विजया मिस गेल्या. बासमधले दोघे त्यांच्या आधीच गेले होते. कोणी भिलाईला, कोणी मुलांकडे परगावी. चर्चमध्ये नवीन पोरं आली, त्यांनी गिटार आणली, सगळे मिळून एकच चाल मोठ्याने गायला लागले. तेही चांगलंच असेल, पण त्यात आल्टोला काम नव्हतं. रमा निवृत्त होऊन बीरगांवला मुलाकडे राहायला गेली. मुलगा तिथून जवळच्या उरला भागातल्या कारखान्यात. सुरुवातीला रमा बसने यायची, ताई जायच्या. मग नुसता फोन. मग फोनही सून उचलायची आणि म्हणायची, "मम्मी सो रही हैं आंटी." रायपूर ते बीरगांव काही लांब नाही, पण दोन म्हाताऱ्या बायकांना मध्ये कोणी न्यायला-आणायला नसलं की ते परदेशाइतकं लांब होतं. ताईंना वाटायचं, रमाला आता मी नकोशी झाले. तोंडाने त्या एवढंच म्हणायच्या, "तिचा पोट्टा आहे, नातवंडं आहेत. आपल्याले कोण आहे."

असं सगळं थंड पडलेलं असताना एका उन्हाळ्यात विजया मिसच्या मुलाचा, चिरागचा, बंगलोरहून फोन आला. आईने बसवलेली जुनी स्तोत्रं आणि तिची स्वतःची नवीन गाणी त्याला रेकॉर्ड करून ठेवायची होती. गाणारे चहूकडे पांगलेले, एका खोलीत आणणं अशक्य. तर प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या मोबाइलवर, कानात इयरफोन घालून आपला आवाज गायचा आणि त्याला पाठवायचा. तो सगळे आवाज एकावर एक बसवून क्वायर उभी करणार. इयरफोनमध्ये पियानो आणि चाल वाजत राहील. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे त्याला सगळे जुळवता येतील. "और आंटी, हर गाने के चार टेक भेजना," तो म्हणाला, म्हणजे प्रत्येक गाणं चारदा गाऊन पाठवायचं.

ताईंनी फक्त एक विचारलं. "रमा गायंल का?"

"सोनिया भाभी से बात हुई है," चिराग म्हणाला. सोनिया म्हणजे रमाची सून. "कह रही थीं, करवा देंगे."

फोन ठेवला आणि ताई जिना उतरून धावत माझ्याकडे आल्या. त्या वयाच्या बाईने तो जिना तसा उतरू नये. "रमा गाऊन राहिली आहे," त्यांनी सांगितलं. "ती तिकडे गायंल, मी इकडे. चिराग दोघींले बाजूबाजूले उभं करणार." रेकॉर्डिंग, चिराग, विजया मिसची आठवण, सगळं बाजूला. त्यांना रमा शेजारी उभी हवी होती, मग ती मोबाइलमध्ये का असेना.

पुढचा महिनाभर आमच्या घराचं वेळापत्रक ताईंच्या आल्टोवर चाललं. माझा मिक्सर दुपारी बंद. ताईंच्या घरात गाद्या-रजया ठेवायची एक लहानशी कोठी आहे, आवाज घुमू नये म्हणून त्या तीत उभ्या राहून गायच्या. कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. रायपूरच्या मे महिन्यात. बाहेर आल्या की घामाने न्हालेल्या असायच्या आणि मी पन्हं घेऊन उभी. गल्लीतली पहारेदारीही माझ्याकडे. कोकिळेचं मी काही करू शकले नाही, पण भंगारवाल्या भैय्यालालला गाठून त्याचा भोंगा बंद करायला लावला. तो भला माणूस. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी थांबवून विचारायचा, "दीदी, गाना हो गे?" मी हव, झालं, म्हटलं की मगच भोंगा सुरू करायचा.

एकदा मी कोठीच्या दाराला कान लावला. तेच ते गुणगुणणं, पण आता पूर्ण आवाजात. सूर धरलेला, मग ओळीच्या मध्यानंतर एक सावकाश, पोटभर श्वास, मग पुन्हा सूर. बाहेर आल्यावर मी शहाणपणा केला. "ताई, श्वास तर साफ ऐकू येते. लपवायचा असते ना तो?"

"तिथं रमा धरून राहते ना," ताई म्हणाल्या. "मी काहून घाई करू."

चारही टेकमध्ये त्यांनी श्वास आपल्याच जागी घेतला. प्रत्येक गाण्यात. दुसरीकडे घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ती रमाची जागा होती.

पावसाळा सरता सरता पहिलं तयार गाणं आलं, खारून नदीचं. ताईंनी मला वर बोलावलं. एक इयरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. मला चार आवाज वगैरे वेगळे कळत नाहीत, पण सांगते, अंगावर काटा आला. ती नळाची गुणगुण आतमध्ये कुठेतरी होती आणि तिच्यामुळे सगळं गाणं ओलं झालं होतं. ताईंचं तोंड तर लहान पोरीसारखं फुललं. "आल्टो चौघी आहेत," त्या बोटं दाखवत कुजबुजल्या. "ऐक. चौघी आहेत. रमा आली."

मग लांब ओळ आली. मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. पण ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी गाणं मागे नेलं, तीच ओळ पुन्हा लावली. पुन्हा मागे नेलं. मग कानातून इयरफोन काढून मांडीवर ठेवला.

"रमा नाही आहे," त्या म्हणाल्या.

"असं कसं? आत्ताच तर चौघी म्हणाल्या तुम्ही."

"चौघी एकाच जागी श्वास घेऊन राहिल्या. माझ्या जागी. रमा असती तर तिनं धरलं असतं."

त्यांनी मला ती जागा दाखवली. पाचव्यांदा का सहाव्यांदा मलाही कळली. चाल चालू, पुरुषांचे आवाज चालू, आणि मध्येच खालून काहीतरी काढून घेतल्यासारखं. क्षणभरच. मग पुन्हा भरतं.

मी चिरागला फोन लावला. त्याने अडखळत सांगून टाकलं. आल्टोमध्ये दुसरं कोणी मिळालंच नाही. एक आवाज पातळ वाटतो, म्हणून ताईंचे चारही टेक त्याने एकावर एक ठेवले, जरा इकडे-तिकडे सरकवले, म्हणजे चार बायका वाटतील. सगळे असंच करतात म्हणाला. आणि रमा आंटींकडून काही आलंच नाही. "मुझे लगा आपको पता होगा," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कोठीत घाम गाळत ताई ज्या शेजारणीच्या भरवशावर श्वास घेत होत्या, ती शेजारीण त्या स्वतःच होत्या.

रविवारी मी ऑटो केला आणि ताईंना घेऊन बीरगांवला गेले. न विचारता, न कळवता. ताई वाटभर म्हणत होत्या, जाऊ दे, तिची इच्छा नसंल. मी ऐकलं नाही. मला राग आला होता आणि कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

सोनियाने दार उघडलं आणि ताईंना बघून तिचा चेहरा उतरला. आत पलंगावर रमा बसली होती, उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. ताईंनी हाक मारली. रमाने वर बघितलं नाही. सोनियाने जाऊन तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने मान वळवली, ताईंना बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

रमाला ऐकू येईनासं झालं होतं. हळूहळू जात जात गेल्या दोन वर्षांत कान पुरते गेले होते.

"मम्मी ने ही मना किया था बताने को," सोनिया माझ्याकडे बघत म्हणाली. "कहती थीं, सरोज को मत बोलना. मैं क्या करती?"

रमा बोलायची मात्र जोरात, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसासारखी. "कान की मशीन लगाती हूँ तो बर्तन की आवाज़ आती है, आदमी की नहीं. फोन पे क्या बोलती तेरे से? और गाती कैसे? सोप्रानो लोग गा लेंगे अकेले. अपन तो बाजूवाली को सुन के गाते हैं ना." एवढं बोलून ती हसली, आणि ताई हसल्या नाहीत.

मग तिने विचारलं, "मेरी जगह चिराग ने किसको खड़ा किया?"

ताईंनी हाताने नाही म्हटलं. मग स्वतःकडे बोट दाखवलं. मग चार बोटं दाखवली. रमाला काही क्षण लागले, पण कळलं. क्वायरच्या बाईला सांगावं लागत नाही. "चारों तू? फिर तो साँस की जगह खाली रह जाती होगी," ती म्हणाली.

ताईंनी मान हलवली.

"गा के दिखा," रमा म्हणाली.

ताईंनी तिच्यासमोर बसून खारून नदीचं गाणं धरलं. आल्टो, एकटा. रमा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लांब ओळ आली. मध्याच्या जरा आधी रमाची छाती भरून वर आली, खांदे मागे गेले, ओठ उघडले. ओळीचा मध्य गेला, ताईंनी आपल्या जागी श्वास घेतला, त्या थांबल्या. खोलीत काहीच नव्हतं. रमाने श्वास बरोबर घेतला होता, धरूनही ठेवला होता, आवाज फक्त दिला नाही. ताईंना पुढचं गाता येईना.

निघताना रमाने ताईंचा हात धरला. "भोक मत छोड़ना, सरोज. विजया मिस का गाना है. मेरा वाला तू ही गा दे. साँस मेरी जगह पे लेना." त्यांच्या मैत्रीत भोक हा एक मराठी शब्द तिने उचललेला दिसला.

परतीच्या वाटेवर ताई एकदाच बोलल्या. "तिनं श्वास बरोबर जागी घेतला, देवश्री." मी मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ऑटोवाला आरशातून बघत होता.

रमाचा शब्द होता, म्हणून ताई पुन्हा कोठीत गेल्या. मला वाटलं होतं, काय मोठं काम आहे, श्वास जरा आधी घ्यायचा. पण चाळीस वर्षांचं शरीर ऐकेना. आधी श्वास घेतला तरी मध्यानंतर, आपल्या जागी, गळा आपोआप मिटायचा. त्या बाहेर यायच्या, मान हलवायच्या, पाणी प्यायच्या, परत आत जायच्या. कितीतरी दुपारी असं चाललं. शेवटी एका दुपारी त्या भिंतीला डावं कोपर टेकवून उभ्या राहिल्या, तिथे रमा आहे असं नाही, तिथे आपण आहोत आणि इकडे उभी आहे ती रमा, असं मनाशी धरून. तेव्हा जमलं. प्रत्येक गाणं त्यांनी तसं पुन्हा गाऊन पाठवलं.

नाताळाच्या आधी चिरागचं सगळं रेकॉर्डिंग तयार झालं, स्तोत्रं आणि मिसची नवीन गाणी मिळून. "आंटी, अब एकदम भर गया," त्याने निरोप पाठवला. खरंच भरलं होतं. मी ती जागा मुद्दाम शोधून ऐकली. खालचा सूर सलग होता, कुठे काही काढून घेतलेलं नव्हतं. जुन्या क्वायरमधल्या लोकांचे कुठून कुठून निरोप आले. भिलाईच्या टेनरने लिहिलं, रमा आणि सरोज यांची जोडी अजून तशीच आहे. सोनियाने तो निरोप रमाला वाचायला दिला. रमा खूप हसली, असं तिने कळवलं. ताईंनी सगळ्यांना धन्यवाद लिहिले. हळदीकुंकवातल्या बायकांना मी बसवून गाणं ऐकवलं आणि म्हटलं, आता सांगा. एकीने ते पुन्हा लावायला सांगितलं. माझा जीव थंड झाला.

मला वाटलं, संपलं, चांगलं झालं.

जानेवारीत हिरव्या मिरच्यांचं लोणचं घेऊन मी वर गेले. ताई उन्हात खुर्चीवर बसून कानात इयरफोन घालून ऐकत होत्या. मी एक काढून माझ्या कानात घातला. खारून नदीचं गाणं. लांब ओळ आली, मध्यानंतर खालचा सूर गेला, क्षणभर पोकळ, मग परत आला.

"ताई, हे तर जुनं. चुकून लावलं काय?"

"नाही. मी हेच ऐकते."

"नवं काहून नाही? नव्यात तर कुठे भोक नाही."

"तेच ना," ताई म्हणाल्या. त्यांनी गाणं थांबवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "नव्यात तिची जागा मीच खाऊन टाकली. तिथं बी मी, इथं बी मी. ह्याच्यात ती आली नाही, एवढं तरी ऐकू येते."